छपराबाहेर राहिलेला स्वार

सगळ्या मेलेल्यांचा सण झाला की काळा महिना लागतो, आणि काळ्या महिन्यात गढीतल्या लांबट खोलीत गावातल्या बायका ताग कातायला बसत. ताग धनीणबाईंचा, शेकोटीही त्यांचीच. गोष्ट मात्र ओर्गेनची.

ओर्गेन रानात कोळसा पाडणाऱ्यांची मुलगी. लहानपणी तिच्या अंगाला सदा धुराचा वास यायचा, म्हणून गावातल्या पोरी तिच्या शेजारी बसत नसत. तिच्या आजीने तिला एकच दागिना दिला होता, तो म्हणजे गोष्टी. तेवढ्यावर ती सतराव्या वर्षी या गावात लग्न होऊन आली, आणि दोन हिवाळ्यांत तिच्याभोवती बसायला जागा पुरेना. आता ती चाळिशीला आली होती. हाडापेराने मोठी, बोलायला हळू, आणि टकळी फिरवताना खाली न बघणारी. धागा मात्र तिचा सगळ्यात बारीक.

तिच्या गोष्टीला एक नियम होता. तिने केलेला नव्हता, आजीकडून आला होता आणि आजीला तिच्या आजीकडून. गोष्ट रोज जिथे थांबेल तिथे माणसाला उघड्यावर सोडायचं नाही. रानात, वाटेत, पाण्यात तर नाहीच नाही. आधी त्याला कुठल्या तरी छपराखाली न्यायचं, मग सगळ्या बायकांनी एका आवाजात विचारायचं, "आत आला का?" आणि सांगणारीने म्हणायचं, "आला. कडी लावली." त्यानंतरच टकळ्या खाली ठेवायच्या. दिवस कलला असो, पोर रडत असो, चुलीवर लापशी करपत असो, हे झाल्याशिवाय कुणी उठत नसे.

अकरा हिवाळे ओर्गेन एकाच माणसाची गोष्ट सांगत होती. राखी घोड्यावरच्या स्वाराची. त्याला नाव नव्हतं. तो मोठ्या रानातून घरी निघाला होता आणि त्याला वाट सापडत नव्हती. वाटेत कधी पांढरी हरिणी बोलायची, कधी झऱ्यावर केस विंचरणारी बाई त्याला थांबवायची, कधी त्याच्याशी लढायला असा कुणी उभा राहायचा की ज्याच्या शिरस्त्राणाच्या आत काहीच नसायचं. संध्याकाळ व्हायच्या आत ओर्गेन त्याला सुखरूप कुठे तरी पोचवी. गिरणीत, तपस्व्याच्या झोपडीत, एखाद्या विधवेच्या स्वयंपाकघरात. शेवट काय, हे अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात, एवढी समज त्या बायकांना होती.

कारण अकरा वर्षांपूर्वी ओर्गेनचा नवरा रिवाल घोड्यावर बसून गेला तो परत आला नव्हता.

रिवाल गढीचा मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. त्या वर्षी थोरल्या धन्यांचं रानापलीकडच्या शेजाऱ्याशी वैर पेटलं होतं. एका सकाळी त्यांनी रिवालला बोलावलं, आपलं लाल पांघरूण त्याच्या खांद्यावर टाकलं, आपलं शिरस्त्राण डोक्यावर ठेवलं, आपला राखी घोडा दिला आणि म्हणाले, "नुसता नदीच्या उतारापर्यंत जाऊन ये." स्वतः धनी मागल्या वाटेने दुसरीकडे गेले. तिसऱ्या दिवशी घोडा एकटाच परत आला. खोगीर भिजून काळं पडलं होतं. आणि आठवड्याभरात गढीतूनच बातमी पसरली की मोतद्दार धन्यांचं पांघरूण घेऊन पळाला. ओर्गेन यावर कधी एक शब्द बोलली नाही. त्याच वर्षी काळ्या महिन्यात तिने राखी घोड्यावरच्या स्वाराची गोष्ट सुरू केली.

थोरले धनी पुढे वारले. त्यांच्या मुलाने फ्रेंच मुलुखातून बायको केली. ही धाकटी धनीणबाई चांगली होती, नवीन होती, आणि तिला गोष्टींचं वेड होतं. तिच्या माहेरी म्हणे हल्ली मोठमोठ्या दिवाणखान्यांतून इकडच्या ब्रेटन गोष्टींशिवाय कुणाचं जेवण पचत नव्हतं. म्हणून तिने माहेरहून एक लेखनिक बोलावून घेतला. रेनिए त्याचं नाव. तरणा, पांढऱ्या बोटांचा, सदा नाक गळणारा. मेणाच्या पाटीवर काडीने टिपून घ्यायचा आणि मग खोलीत बसून कातड्यावर उतरवायचा. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव मेणपाट्या ठेवलं.

त्याची भाषा ओर्गेनला येत नव्हती, तिची त्याला. मध्ये बसली एनोरा. एनोरा म्हणजे रिवालची थोरली बहीण, ओर्गेनची नणंद. तरुणपणी सात वर्षं तिकडे फ्रेंच मुलुखात धुणंभांडं करून आलेली. तिची जीभ दोन्ही भाषांत सारखीच धारेची होती.

"नाव विचारतोय," एनोरा म्हणाली.

"स्वार."

"ते सांगितलं मी. म्हणतोय, नाव नसलेल्या माणसासाठी आमच्याकडे कुणी रडत नाही."

"नका रडू म्हणावं. आम्ही कुठे रडतो?"

बायका हसल्या. रेनिएने काडी चोखली आणि पुढचं विचारलं.

"आता विचारतोय, त्याचं मन कुणावर बसलंय?"

"बायको आहे की त्याला घरी," ओर्गेन म्हणाली.

एनोराने ते सांगितलं. लेखनिकाचं तोंड आंबट झालं. तो बराच वेळ बोलला. एनोरा ऐकत गेली आणि तिच्या नाकपुड्या थरथरायला लागल्या.

"काय म्हणतोय वन्सं?"

"म्हणतोय, बायको चालत नाही. दुसऱ्याची बायको असेल तर चालेल."

यावर असा हशा पिकला की शेकोटीपाशी झोपलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं. गिरणीवाल्याची बायको म्हणाली, "आमच्याकडचीच एखादी लिहून घे म्हणावं, उमेदवार पुष्कळ आहेत!"

मग खडा आला. ओर्गेन सांगत होती की स्वार उतरला, घोड्याचा पुढचा खूर मांडीवर घेतला आणि सुरीच्या टोकाने खडा काढला. रेनिएने हात वर केला. सरदार खूर उचलत नाही, त्याला नोकर असतो.

"याच्याबरोबर कुणी नाही," ओर्गेन म्हणाली. "खडा तसाच राहिला तर घोडा लंगडेल. मग गोष्ट काय खांद्यावरून न्यायची?"

रेनिएने मान हलवली आणि अंगठ्याने मेण पुसलं. खडा गेला. तसाच स्वार घोड्याला करायचा तो खराराही गेला, आणि घोड्याच्या कानात तो काही तरी गुणगुणायचा तेही गेलं. प्रत्येक वेळी एनोरा खाली मान घालून आपल्या मांडीवरचा ताग उगीच सरळ करत बसे. खूर मांडीवर कोण घ्यायचं आणि गुणगुणायचं कोण, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

पंधरा दिवस असे गेले. आणि खरं सांगायचं तर ओर्गेनला ते आवडायला लागलं होतं. कुणी आपला शब्द न शब्द टिपून घेतंय, धनीणबाई शेजारी येऊन बसतात, याची एक ऊब असते. त्या उबेत माणूस सैल होतो.

त्या दिवशी स्वार एका नदीशी आला होता. रेनिएने विचारलं, कुठली नदी? दर वेळी नुसती नदी, नुसतं रान. एक तरी नाव द्या.

"काळ्या दगडांचा उतार," ओर्गेन बोलून गेली.

टकळ्या थांबल्या. तो उतार गावचाच होता, गढीकडून येताना साकवावरून दिसणारा. त्याचं नाव अकरा वर्षांत या खोलीत कुणी उच्चारलं नव्हतं. ओर्गेनलाही आपण काय बोललो ते तोंडातून गेल्यावर कळलं. तिने घाईने स्वाराला पाण्यात घातलं, म्हणजे लवकर पलीकडे काढता येईल. घोड्याच्या गुडघ्यांपर्यंत पाणी आलं, पोटाला लागलं, आणि तेवढ्यात मठातली तिसऱ्या प्रहराची घंटा वाजली. रेनिएने पाटीचे दोन पाखे मिटले, टप. दारातून धनीणबाईंनी हाक मारली. ओर्गेनसाठी त्यांनी निळ्या कापडाचा तुकडा काढून ठेवला होता.

ओर्गेन उठली. कापड घ्यायला गेली. निळं कापड तिने आयुष्यात अंगाला लावलं नव्हतं. ते गालाला लावून बघितलं, हसली, दोनदा वाकली. आणि परत येताना बोळात, कापडाच्या घडीवर हात असतानाच, तिला आठवलं की स्वार पाण्यातच राहिलाय.

ती धावली. खोलीत कुणी नव्हतं. धुकं दाटायच्या आत बायका निघून गेल्या होत्या. नाव ऐकून भेदरलेल्या बायका, सांगणारीच उठून गेल्यावर थांबणार कशाला? शेकोटीवर राख ओढलेली होती.

"आला," ओर्गेन रिकाम्या खोलीत म्हणाली. "कडी लावली."

पण विचारलंच नव्हतं कुणी.

साकवावर ती पोचली तेव्हा दिवस अजून होता, पण धुक्याने त्याचा रंग काढून घेतला होता. आधी तिला घोड्याचा श्वास ऐकू आला. दमलेल्या घोड्याचा, लांब, ओला. मग उताराच्या मधोमध तो दिसला. पाणी त्याच्या पोटाला लागलं होतं. वर एक माणूस पाठमोरा बसलेला. पाणी वाहत होतं, पण घोड्याच्या पायांशी फेस होत नव्हता. ओर्गेनने त्या माणसाच्या डाव्या खांद्याकडे बघितलं, पांघरुणाचा चाप असतो तिथे. धुकं होतं. तिने हाक मारली नाही. ती पळालीही नाही, कारण पळालं की मागे येतं. पावलं मोजल्यासारखी टाकत ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला एवेन गाढवाला साकवावर घालायला गेला, तर गाढवाने चारी पाय रोवले. तिसऱ्या दिवशी त्याच्या गिरणीच्या दाराबाहेर पेंढा भिजून दबलेला सापडला, एखादं मोठं जनावर रात्रभर बसून उठावं तसा. आदल्या आठवड्यात गोष्टीत स्वार गिरणीत राहिला होता. त्यानंतर तपस्व्याच्या झोपडीबाहेर. मग गावाच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या विधवेच्या उंबऱ्याशी. सगळीकडे तेच. खुरांच्या ओल्या खुणा दारापर्यंत यायच्या, दारापाशी थांबायच्या, आणि परत जाणाऱ्या खुणा नसायच्या.

"येतोय, पण जात नाहीये," विधवा म्हणाली. "मला बाई त्याची भीती नाही वाटली. दारात उभं राहून भिजणाऱ्याची वाटते तशी कणव वाटली. पण मी कडी काढली नाही हो."

बायकांनी गढीत यायचं बंद केलं. रेनिए वैतागला. चार दिवसांनी तो निघणार होता. एनोराकडून त्याने निरोप धाडला की शेवट सांगा, नाही तर मी माझा घालतो. माझा तयार आहे. झऱ्यावरची बाई त्याला होडीत घालून समुद्रातल्या बेटावर नेते.

सातव्या सकाळी खुरांच्या खुणा ओर्गेनच्या घराकडे वळलेल्या होत्या. दहा पावलांवर त्या थांबल्या आणि तिथून माणसाची पावलं सुरू झाली. अनवाणी. डावा पाय जरा आत वळणारा. वीस वर्षांपूर्वी एका शिंगराने लाथ मारली होती तेव्हापासून रिवालचा डावा पाय तसाच पडायचा. दाराची कडी बाहेरून ओली होती.

एनोरा आली तेव्हा ओर्गेन त्या पावलांशेजारी उकिडवी बसली होती.

"बघितलंत वन्सं?"

"डोळे आहेत मला." एनोरा उभीच राहिली. मग खाली बसली, गुडघे मोडत, कण्हत. "अकरा वर्षं सगळ्या जगाच्या छपराखाली नेलंस त्याला. गिरणीत नेलंस, भिकाऱ्याच्या खोपटात नेलंस. आपल्या घरी एकदाही नाही आणलंस."

"घरी आणला की गोष्ट संपते."

"संपू दे."

"मग माझ्याकडे काय राहील?" ओर्गेन म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तुम्हाला एक सांगितलं नाही मी कधी. तो चाप मी लावला होता. पांघरुणाचा. त्याला लावता येईना, त्याची बोटं जाड. मी लावला आणि म्हटलं, अगदी सरदार दिसतोस रे. तो लहान पोरासारखा फुलला. धन्यांनी त्याला का पाठवलं, ते मला कळलं होतं वन्सं. थोडंसं कळलं होतं. तरी मी हसले."

एनोराने नाक शिंकरलं.

"मलाही कळलं होतं," ती म्हणाली. "मी त्या वेळी गढीतच ताटं घासत होते. माझी भाकरी जाईल म्हणून गप्प बसले. आता आपण दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत त्याने बाहेर उभं राहायचं का? माझा भाऊ थंडीत उभा आहे गं ओर्गेन."

त्या दुपारी एनोराने घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. कुणाला हाताला धरून, कुणाला शिव्या घालून. गिरणीवालीला म्हणाली, "उमेदवार शोधायला जीभ चालते, विचारायला का गं लुळी पडली?" नऊ जणी आल्या. नेहमीपेक्षा जवळजवळ बसल्या. धनीणबाई आल्या, रेनिए पाटी उघडून बसला. खिडकीबाहेर धुकं इतकं होतं की भिंत कुठे संपते ते दिसत नव्हतं.

ओर्गेनने टकळी हातात घेतलीच नाही.

"स्वार पाण्यात आहे," ती म्हणाली. "घोडा राखी. पांघरूण लाल, पण त्याचं नाही. शिरस्त्राण त्याचं नाही, घोडाही त्याचा नाही. त्याच्या मालकीचं त्या पाण्यात एवढंच आहे, एक सुरी, खुरातला खडा काढायची. त्याचं नाव रिवाल. तो या गढीचा मोतद्दार. तो पळाला नाही. तो चोर नाही. ज्याचं पांघरूण त्याला मारायला पलीकडे माणसं लपली होती, आणि हे ज्याला ठाऊक होतं त्यानेच ते याच्या खांद्यावर घातलं. चाप मी लावला."

एनोरा शब्दाला शब्द सांगत गेली. या खेपेला तिने काही गाळलं नाही. धनीणबाईंचा हात गळ्यातल्या क्रुसावर गेला आणि तिथेच राहिला. रेनिएची काडी मेणावर टेकलेली होती, हलत नव्हती.

"पहिला बाण घोड्याला चुकला," ओर्गेन सांगत होती, जणू समोर बघत होती. "तेव्हा त्याने काय केलं असेल ते मला माहीत आहे. तो घोड्याच्या पुढे झाला असेल. जनावराला लागू नये म्हणून. घोडा परत आला, अंगावर ओरखडा नव्हता. मग तो पडला. पाणी थंड होतं. ते त्याला घेऊन गेलं, आणि बूटही घेऊन गेलं. आता तो चालत येतोय. साकव ओलांडला. एवेनची गिरणी मागे टाकली. विधवेचं घर मागे टाकलं. हे माझं घर. हा उंबरा."

ती थांबली. आता बायकांनी विचारायचं होतं. कुणाच्या तोंडून आवाज फुटेना. गिरणीवालीचे ओठ हलले, नुसतेच. भिंतीबाहेर तबेल्यातले सगळे घोडे एकदम गप्प झाले होते, आणि ते आधी आवाज करत होते हे तेव्हाच सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"आत आला का?" एनोराने विचारलं. एकटीने.

ओर्गेनने डोळे मिटले.

"आला," ती म्हणाली. "माझ्या घरात आला. कडी लावली."

रेनिए खोकला. एनोराकडे वळून काही तरी म्हणाला, अगदी अदबीने.

"म्हणतोय, राग येणार नसेल तर सांगतो. असं लिहिलं तर तिकडे कुणी ऐकणार नाही. मोतद्दारासाठी कुणी रडत नाही. त्याला सरदारच हवा."

"घेऊन जा म्हणावं सरदार," ओर्गेन म्हणाली. "हरिणी घे, झरा घे, रिकामं शिरस्त्राण घे. बेटावर ने नाही तर आभाळात ने. दुसऱ्याची बायको लाव हवी तर. मोतद्दार तेवढा इथे ठेव."

रेनिएने मान झुकवली आणि अंगठ्याने मेण पुसायला लागला. धनीणबाई उठून गेल्या. त्यानंतर ताग कातायला गढीतून कधी बोलावणं आलं नाही. बायका एवेनच्या गिरणीत बसू लागल्या. तिथे शेकोटी लहान होती आणि पीठ नाकात जायचं. पण ते पुढचं.

त्या दिवशी दोघी घरी निघाल्या तेव्हा उजेड होता. साकवावरून त्यांनी उताराकडे बघितलं. काळे दगड होते, पाणी होतं, दगडांपाशी फेस होत होता. एनोराने छातीवर क्रूस काढला. ओर्गेनने काढला नाही, ती नुसती बघत राहिली, अंगणात पोर खेळत होतं ते आत गेल्यावर आईने बघावं तशी.

घरापाशी आल्यावर तिने दार ढकललं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं.

"फुगलं असेल धुक्याने," एनोरा म्हणाली आणि खांदा लावला. दार हललं नाही. फुगलेलं लाकूड जरा तरी करकरतं. हे आतून धरलेलं होतं. एनोराने फटीला डोळा लावला, आणि झटकन मागे सरली.

"आतून कडी आहे," ती कुजबुजली. "ओर्गेन, आतून कडी आहे गं."

"सकाळी मी बाहेरून ओढून घेतलं होतं," ओर्गेन म्हणाली.

दोघी उभ्या राहिल्या. छपरावरून पाण्याचे थेंब पडत होते. दाराला कान लावला असता तर काही ऐकू आलं असतं की नाही कोण जाणे. ओर्गेनने लावला नाही. तिने फळीवर तळवा टेकला, जसा तापलेल्या कपाळावर टेकतात, आणि तिथेच ठेवला. एनोराने हात उचलला, दार ठोठावायला.

"नको वन्सं," ओर्गेनने तिचा हात धरला. "दमलाय तो. निजू दे."

"आणि तू? तू कुठे निजणार?"

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे एकच गादी आहे, आणि मी घोरते."

"ठाऊक आहे. तुमचा भाऊही घोरायचा."

एनोराच्या तोंडून एक आवाज निघाला. हसणं होतं की दुसरं काही, ते धुक्यात कळलं नाही. तिने आपली शाल अर्धी भावजयीच्या खांद्यावर टाकली आणि दोघी उतरणीला लागल्या, बाजूबाजूने, चिखल चुकवत.